न्यूझीलंड, उत्तर बेट: सात दिवसांची गाइडेड सायकल सहल. आराखडा, सायकल, पाऊस, तयारी

घाटवाट

नमस्कार मंडळी. पुढच्या मार्चमध्ये न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर गाइडेड सायकल सहल करायचं ठरतंय. दोघं जण, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. डांबरी रस्त्यावर ६०-७० किमी आरामात होतात, सिंहगड न थांबता चढतो. कच्च्या ट्रेलवर मात्र दोघंही कोरी पाटी. ऑपरेटरने पाठवलेला आराखडा:

दिवस १: ऑकलंडहून व्हॅनने रोटोरुआ, दुपारी फाकारेवारेवा जंगलातला ३३ किमीचा लूप
दिवस २: ते आरा आही ट्रेल, रोटोरुआ ते वायकिटे, ४८ किमी. संध्याकाळी व्हॅनने ताउपो
दिवस ३: ग्रेट लेक ट्रेल, फाकाइपो ते किनलॉक
दिवस ४: ग्रेट लेक ट्रेल, ओराकाउ ते किनलॉक
दिवस ५: टिंबर ट्रेल, पुरेओरा ते पिरोपिरो, ४० किमी
दिवस ६: टिंबर ट्रेल, पिरोपिरो ते ओंगारुए, ४५ किमी. व्हॅनने ओहाकुने
दिवस ७: मांगापुरुआ ट्रॅक, शेवटी जेटबोटने पिपिरिकी

विचारायचं ते असं. हा क्रम आम्हाला झेपेल का? सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? बायकोसाठी ई-बाइक घेतली तर चालेल का? पाऊस लागला तर काय होतं? आणि ऑपरेटरला पैसे भरण्याआधी नेमकं काय विचारून घ्यायचं?

चाकोरी

आराखडा चांगला आहे, फक्त सातवा दिवस चुकीच्या माणसांच्या पदरात टाकलाय. किलोमीटर मोजू नका. या भागात दिवस अवघड की सोपा हे ठरतं ते मध्येच सोडून देता येतं का, यावर. गाइडेड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मागून येणारी व्हॅन असते. इथे व्हॅन ट्रेलच्या सुरुवातीला सोडते आणि शेवटी उभी असते. मधल्या भागात तिला रस्ताच नाही. तिकडे ट्रेलना १ ते ६ असे ग्रेड दिलेले असतात, १ सर्वांत सोपा. तेही बघाच, पण ग्रेडमध्ये ही सुटकेची गोष्ट दिसत नाही.

एकेक दिवस घेऊ.

पहिला दिवस अर्धा करा. मुंबईहून ऑकलंडला थेट विमान नाही, बदलून जावं लागतं. मार्चमध्ये तिथलं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे असतं. ऑकलंड-रोटोरुआ साधारण तीन तास व्हॅनमध्ये. त्यावर ३३ किमीचा खालीवर करणारा जंगल लूप म्हणजे पहिल्याच दिवशी पडायची सोय. गाइडला सांगा की लूपचा एक तुकडाच घेऊ आणि उरलेला तासभर ब्रेक, वळणं, गिअर यांचा सराव करू. त्या जंगलात सोप्या ट्रेलचं जाळं आहे, सरावाला याहून चांगली जागा मिळणार नाही. १९०१ साली लावलेली कॅलिफोर्नियातली रेडवुडची झाडं तिथेच आहेत. शेजारच्या दोन तळ्यांपैकी टिकिटापू, म्हणजे निळ्या तळ्यात पोहता येतं. रोटोकाकाही, म्हणजे हिरवं तळं, इथल्या मूळच्या माओरी लोकांसाठी पवित्र आहे. त्यात पोहायचं नाही, होडी घालायची नाही. लांबून बघायचं.

दुसरा दिवस सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत वासाचा. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास रोटोरुआत पाऊल ठेवल्यापासून येतो, तासाभरात नाक सरावतं. ट्रेल वाइमांगू दरीवरून जातो. १० जून १८८६ ला तारावेरा ज्वालामुखी फुटला तेव्हा ही बाजू उभी चिरली गेली, गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्यांची जगप्रसिद्ध कुंडं गेली आणि रोटोमहाना तळ्याला आजचा आकार आला. व्हॅनमधून बघायची नव्हे, थांबून बघायची जागा आहे. इथे बराचसा ट्रेल हायवेच्या कडेने आहे, त्यामुळे दमलात तर व्हॅन बोलावता येते.

तिसरा-चौथा दिवस ताउपोच्या काठचा. ६१६ चौरस किमीचं हे तळं एका प्रचंड ज्वालामुखीच्या खचलेल्या तोंडात साठलंय. (आपल्याकडे लोणारला ज्वालामुखीचं तळं म्हणणारे अजून भेटतात. ते उल्कापाताचं, फक्त विवर पडलंय बसाल्टमध्ये.) फाकाइपो-किनलॉक १३-१४ किमी, हवा असेल तर टोकाचा १० किमीचा फेरा जोडता येतो. ओराकाउहून आधी कावाकावा बेपर्यंत उतार, मग तिथून किनलॉकच्या बाजूला चढ. हा चढ वळणावळणाचा आहे आणि खडकाळ. कावाकावा बेला रस्ता पोचत नाही, एकदा उतरलात की चढूनच बाहेर पडायचं. चौथ्या दिवशी हेच कळतं की पाचवा दिवस झेपणार की नाही.

टिंबर ट्रेल हा या सहलीचा गाभा. २०१३ मध्ये पूर्ण उघडला, एकूण ८५ किमीच्या आसपास. पुरेओराचं जंगल तोडीतून वाचलं ते १९७८ मध्ये झाडांवर मचाण बांधून बसलेल्या आंदोलकांमुळे. आज तुम्ही ज्या रिमू-टोटारांखालून जाता ती तीच झाडं. पहिले १४ किमी चढ, एकूण चारशे मीटरच्या आसपास. सरासरी तीन टक्के म्हणजे सिंहगडापुढे काहीच नाही, पण डांबर नाही, ओली मुळं आहेत आणि वर हजार मीटरच्या जरा खाली भर मार्चमध्येही बोटं गारठतात. या वाटेवर वेग तासाला १० किमी धरा. ४० किमी म्हणजे जेवण, फोटो धरून पाच तास. पिरोपिरो हा मधला एकमेव पाडाव जिथे गाडी येते. सहाव्या दिवशी पहिल्या काही किलोमीटरमध्येच मारामाताहाचा झुलता पूल लागतो, १४१ मीटर लांब आणि खाली ५३ मीटर दरी. पूल अरुंद असतात. नजर पलीकडच्या टोकावर ठेवायची, हँडलकडे बघितलं की हँडल कठड्याला लागतंच. भीती वाटली तर उतरून चालवत न्या, कोणी हसत नाही. पुढे जुन्या लाकूड-ट्रामच्या मार्गावरून उतरत ओंगारुए स्पायरल येतो. मार्ग स्वतःभोवती पूर्ण वळसा घेऊन स्वतःवरूनच जातो, मध्ये एक वाकडा बोगदा. आत शिरलात की दुसरं टोक दिसत नाही, म्हणून लहानसा टॉर्च हँडललाच लावून ठेवा.

आता सातवा दिवस. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना मांगापुरुआच्या दरीत जमिनी दिल्या होत्या. १९३६ मध्ये काँक्रीटचा पूल पुरा झाला तोवर लोक सोडून चालले होते आणि १९४२ मध्ये वसाहत बंदच झाली. म्हणून नाव 'कुठेच न जाणारा पूल'. जागा विलक्षण आहे, पण ट्रेल तुमच्यासाठी नाही, निदान सहा दिवसांच्या थकव्यानंतर तरी नाही. ६६३ मीटरच्या माथ्यापर्यंत चढ, मग दरीत उतार, उतारात कड्याच्या कडेने काही जागा अशा की एका बाजूला थेट पोकळी. तिथे उतरून चालायचंच, पाट्या तसं सांगतात. आणि शेवटी जेटबोट ठरल्या वेळी येते. उशीर झाला तर दुसरी वाट नाही. ही घाई नवख्या माणसाला उतारावर पाडते.

त्याऐवजी सातव्या दिवशी ओहाकुने ओल्ड कोच रोड घ्या. होरोपिटोहून सुरू करून ओहाकुनेत संपवा, १५ किमी, बहुतेक उतार. दगडी फरसबंदी ओली असली की घसरते, तेवढं सांभाळा. १९०८ चा वळणदार हापुआव्हेनुआ पूल चालत ओलांडता येतो आणि आभाळ मोकळं असेल तर २७९७ मीटरचा रुआपेहू पर्वत दिवसभर डोक्यावर.

ग्रीसहात

सायकलबद्दल. थोडक्यात: भाड्याने घ्या, पण सीट आणि पेडल आपले न्या.

कारण दोन. एक, तुमच्याकडे रोड बाइक आहे, ती या ट्रेलला निरुपयोगी. दोन, विमानात न्यायची तर पेडल, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि डिस्क काढून, पुढच्या चाकाच्या काट्यात ठोकळा बसवून, ब्रेकच्या कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) स्पेसर घालूनच पॅक करावी लागते. स्पेसर विसरलात आणि वाटेत ब्रेकचं लिव्हर दाबलं गेलं की पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात, आणि तुमचा पहिला अर्धा दिवस ते उघडण्यात जातो. शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या नेण्यावर विमान कंपन्यांचे निर्बंध असतात, त्या तिकडेच घ्या.

भाड्याची मागताना 'माउंटन बाइक' एवढं सांगून थांबू नका. हे लिहून पाठवा: पुढे १२० मिमी सस्पेन्शनची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), २९ इंची चाक, २.३ च्या आसपास टायर, ट्यूबलेस, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे एकच ३० किंवा ३२ दात्यांची चकती, मागे सर्वांत मोठी ५० किंवा ५१, आणि हँडलवरून खालीवर होणारी सीटपोस्ट. ही शेवटची चैन नाही. नवख्याला उतारावर सीट खाली गेली की निम्मी भीती जाते. फुल सस्पेन्शन या सात दिवसांना लागत नाही. जड असते आणि चढावर तुमचं पायाचं बळ खाते.

उंची नुसती सेंटिमीटरमध्ये सांगू नका. आपल्या सायकलवर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत सीट-ट्यूबच्या रेषेत अंतर मोजा, ते कळवा. ट्रेलवर त्यातून एक-दीड सेंटिमीटर कमी ठेवा. सीट नेताना खालच्या दांड्या गोल ७ मिमीच्या आहेत ना बघा. कार्बनच्या लंबगोल दांड्या दुकानाच्या क्लॅम्पमध्ये बसत नाहीत. पेडल काढताना डावं उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा, दोन्ही पेडल सैल करायचे तर पाना सायकलच्या मागच्या दिशेला फिरवायचा.

हवा. पुण्यातली सवय म्हणजे टिचकी मारून टणटण वाजेपर्यंत पंप मारायचा. ट्रेलवर तसं केलंत तर सायकल मुळांवरून चेंडूसारखी उडेल. ७०-७५ किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे २२, मागे २५ पीएसआय. ट्यूब असेल तर ३०च्या खाली नको, दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

आता ज्याकडे कोणी लक्ष देत नाही ते. ताउपोच्या भोवतालची माती म्हणजे प्युमिस. पाय घासायची वजरी माहीत आहे ना, तोच दगड, भुकटी होऊन अख्ख्या ट्रेलवर पसरलेला. सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकात हे सगळं उडून पडलं. फायदा असा की पाणी चटकन निथळतं, रात्रभर पाऊस पडून गेला तरी सकाळी ग्रेट लेक ट्रेल चालवण्याजोगा असतो. तोटा असा की ही भुकटी चेनच्या तेलात मिसळली की कानसच. जाड, ओल्या हवेसाठीचं तेल घालू नका. मेणाचं किंवा कोरड्या हवेचं घाला, आणि रोज संध्याकाळी चेन फडक्यात धरून मागे फिरवत पुसा, मगच नवं तेल, तेही दर कडीला एक थेंब. ब्रेक पॅडचंही तेच. ओल्या प्युमिसमध्ये पॅड झपाट्याने झिजतात. रोज सकाळी कॅलिपरमध्ये वरून डोकावा. घासणारा थर एक मिमीवर आला असेल तर तिथल्या तिथे गाइडकडून बदलून घ्या. धातूवर धातू घासल्याचा आवाज टिंबर ट्रेलच्या मध्यावर ऐकायचा नसतो.

गाइडकडे काय काय आहे हे विचारा: त्या सायकलला बसणारा डिरेलर हँगर (डिरेलर सांगाड्याला जोडणारा तुकडा), १२ स्पीडची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), ट्यूबलेसचे प्लग, एक ट्यूब, चेन टूल, पॅडचा जोड. हँगर हा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. सायकल उजव्या बाजूला पडली की पहिला तोच वाकतो, आणि वाकल्यावर सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर थेट आऱ्यांत. मग पुढचे ३० किमी ढकलत.

दक्षिणायन

ऑकलंडकर मराठी. सीमेवरच्या आणि पोटापाण्याच्या गोष्टी सांगतो, कारण सहलीची पहिली गाळण विमानतळावरच उडते.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच, आणि त्याबरोबर १०० न्यूझीलंड डॉलरचा पर्यटक शुल्क. विमानात बसण्याआधी ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन भरायचं. त्यात सायकलचं सामान, ट्रेकचे बूट, तंबू विचारतात. जे आहे ते 'हो' लिहा. जाहीर केलेल्या गोष्टीसाठी दंड नाही, ती बघतात, हवी तर धुऊन देतात. लपवलेल्या किंवा विसरलेल्या गोष्टीला जागच्या जागी ४०० डॉलर. बुटांच्या तळव्यातली माती, क्लीटच्या (बुटाखालच्या पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीच्या) फटीतलं गवत, सीटखालचा वाळलेला चिखल, हे सगळं जुन्या टूथब्रशने घासून मगच बॅगेत टाका.

खाऊ: मध, बिया, ताजी फळं, पेढे-बर्फीसारखे दुधाचे प्रकार घरीच ठेवा. उरलेलं जे न्याल, मग ते चिवडा असो की लोणचं, जाहीर करा. निर्णय अधिकाऱ्याचा. रोटोरुआ, ताउपोत भारतीय दुकानं आणि मोठी सुपरमार्केट आहेत, इथूनच घ्या. पुरेओरा ते ओंगारुएमध्ये मात्र एकही दुकान नाही. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच ऑपरेटरला लिहा आणि 'अंडं चालतं का, मासा चालत नाही' इतकं स्पष्ट लिहा. इकडे मासे खाणारेही स्वतःला शाकाहारी म्हणवतात. दुपारचं जेवण बहुधा सँडविच किंवा रॅप असतं, तुमच्यासाठीचा डबा वेगळा ठेवायला सांगा.

विमा. इथे एसीसी नावाची सरकारी योजना अपघाती दुखापतीच्या उपचाराचा खर्च पाहुण्यांनाही देते. आजारपण, सहल रद्द होणं, घरी परतायचं विमान हे त्यात नाही. प्रवास विमा घ्याच आणि त्यात 'माउंटन बायकिंग' वगळलेलं नाही ना, अटींमध्ये बोट ठेवून वाचा. बऱ्याच पॉलिसी साहसी खेळ बाहेर ठेवतात.

मार्च उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना इथला वसंत भेटतो, वारा आणि पाऊस दोन्ही. नाताळ ते जानेवारीअखेर शाळांना सुट्टी, खोल्या मिळत नाहीत. नोव्हेंबरच्या शेवटी ताउपोच्या भोवतीची १६० किमीची मोठी सायकल शर्यत असते, तो आठवडाही टाळा. फेब्रुवारी-मार्चचं एकच वैगुण्य म्हणजे गांधीलमाशा. डंखाची अ‍ॅलर्जी असेल तर औषध खिशात, व्हॅनमधल्या बॅगेत नव्हे.

ऊन आपल्याला ओळखीचं वाटतं, पण इथलं वेगळं आहे. हवा गार लागते आणि कातडी भाजते, ढग असले तरी. मनगट, मानेची मागची बाजू, गुडघ्यावरचा भाग, दर दोन तासांनी क्रीम.

वायकिटेच्या गरम कुंडात संध्याकाळी उतरालच. डोकं पाण्याखाली घालू नका. भू-औष्णिक पाण्यात एक अमीबा असू शकतो, तो नाकातून मेंदूपर्यंत जातो. दुर्मीळ, पण जीवघेणा. पाट्या लावलेल्या असतात, आपल्या लोकांना डुबकीचा मोह फार.

वाहतूक डाव्या बाजूने, आपल्यासारखीच. हेल्मेट कायद्याने सक्तीचं. आणीबाणीचा नंबर १११. टिंबर ट्रेलवर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून गाइडकडे उपग्रहाला संदेश देणारा लोकेटर बीकन आहे का, हे विचारा. आणि नुसतं 'आहे' नको, पुढच्या गाइडकडे की मागच्या?

जाता जाता: माओरी नावांत 'डब्ल्यूएच' दिसलं की 'फ' म्हणा. फाकारेवारेवा, फाकाइपो. व्हांगानुई नदीकडचे लोक मात्र 'व्ह' म्हणतात, त्यांच्यासमोर फ करू नका.

घाटवाट

सगळ्यांचे आभार. ओल्ड कोच रोडचं ऑपरेटरला कळवलं. त्यांचं उत्तर: 'हवामान चांगलं असेल तर मांगापुरुआ, नसेल तर ओल्ड कोच रोड, सहाव्या दिवशी रात्री ठरवू.' हे मान्य करावं का? आणि ई-बाइकचं राहिलं.

चाकोरी

मान्य करू नका. 'हवामान चांगलं' म्हणजे सातव्या दिवशी ऊन एवढंच नव्हे. मांगापुरुआची माती प्युमिस नाही, तिथे 'पापा' नावाचा मऊ चिकण दगड आहे. दोन दिवसांपूर्वी पडलेला पाऊसही त्याच्यात मुरून राहतो. ओली पापा टायरला चिकटते, त्यावर पाला आणि खडे, दहा-वीस फेऱ्यांत टायर आणि काटा यांमधली जागा भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर. काडीने खरवडायचं, पन्नास मीटर जायचं, पुन्हा खरवडायचं. आणि जेटबोटच्या वेळेपाशीच घोडं पेंड खातं.

दुसरं, सहाव्या रात्री थकलेल्या गटात ठरवायचं म्हणजे जो सर्वांत मोठ्याने 'जाऊया' म्हणेल त्याच्यामागे सगळे. ऑपरेटरला आत्ताच लिहा: आम्ही दोघं ओल्ड कोच रोड करणार, बाकीचे मांगापुरुआला गेले तर आमच्यासाठी वेगळा गाइड आणि गाडी आहे का? दोन गाइड असलेल्या गटात हे जमतं. एकच गाइड असेल तर गट फुटू शकत नाही, हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

त्याच मेलमध्ये आणखी विचारा. गटात किती जण आणि किती गाइड? शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे गाइड असतो का? फाकाइपो, ओराकाउ यांपैकी कुठला दिवस होडीवर अवलंबून आहे का? (ग्रेट लेक ट्रेलचाच वाइहाहाचा ३० किमीचा भाग जोडला असेल तर शेवट होडीशिवाय होत नाही, आणि वारा सुटला की होडी येत नाही.) पिरोपिरोला मुक्काम लॉजमध्ये की तंबूत? सामान कोण नेतं? किमान किती जण नसतील तर सहल रद्द, आणि किती दिवस आधी कळवणार? तुम्ही विमानाची तिकिटं काढण्याआधी या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी हवं.

ग्रीसहात

ई-बाइक: घ्या, पण इथून न्यायचा विचारही नको. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही, ई-बाइकची बॅटरी साधारण ४०० च्या वरच असते. तिकडे भाड्यानेच. न्यूझीलंडमध्ये ३०० वॉटपर्यंतच्या मोटरची ई-बाइक सायकल म्हणूनच धरली जाते, लायसन्स लागत नाही. ई-बाइक कुठल्या ट्रेलवर चालते हे ट्रेलगणिक बघावं लागतं, म्हणून सातही दिवसांचं ऑपरेटरकडून लेखी घ्या.

५०० वॉट-अवरची बॅटरी, ६०-६५ किलोचा माणूस, सर्वांत हलका असिस्ट (मोटरची मदत): टिंबर ट्रेलचा ४० किमीचा दिवस आरामात निघतो. सर्वांत जोरदार असिस्टवर पहिलाच १४ किमीचा चढ केलात तर उतारानंतरच्या छोट्या चढांना काही उरत नाही, आणि बंद पडलेली २३-२४ किलोची सायकल ढकलणं म्हणजे शिक्षा. नियम सोपा: चढावर मधला असिस्ट, सपाटीला हलका, उतारावर बंद. रात्री लॉजवर चार्जिंग मिळतं का आणि एका वेळी किती बॅटऱ्या लावता येतात, हे आधी विचारा. थंडीत बॅटरी कमी चालते, म्हणून रात्री ती व्हॅनमध्ये न ठेवता खोलीत घ्या.

एकच दक्षता. ई-बाइकवर मागून थोडा धक्का मिळत राहतो आणि अरुंद वळणावर पेडल मारतच आत शिरलं की सायकल बाहेरच्या कडेला जाते. वळणाआधी पेडल थांबवायचं.

मागचाब्रेक

सीटचं पटलं, पण स्वतःची सायकल नेऊच नये हे सरसकट म्हणणं पटत नाही. ज्याच्याकडे नीट बसलेली ट्रेल बाइक आहे आणि जो नंतर दोन आठवडे तिकडेच फिरणार आहे, त्याने न्यावी. सात दिवसांसाठी मात्र नाही, इथे ग्रीसहातशी सहमत.

कपड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. पॅड असलेल्या चड्ड्या निदान तीन. टिंबर ट्रेलच्या मधल्या मुक्कामी धुतलेली वाळत नाही. पॅडच्या शिवणीला आणि मांडीच्या आतल्या बाजूला रोज सकाळी चेफिंग क्रीम, दुखायला लागल्यावर नव्हे. एक पातळ रेनकोट, एक लोकरीचा पातळ थर, पूर्ण बोटांचे हातमोजे. झुलत्या पुलाच्या तारेला बोट घासलं की कळतं का ते. पाणी पाठीवरच्या पिशवीत २ लिटर आणि बाटली एक. ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी उकळल्याशिवाय किंवा गाळल्याशिवाय नाही, जिआर्डिया नावाचा पोट बिघडवणारा परजीवी असतो.

घाटवाट

शेवटचं: हातात दहा-अकरा आठवडे आहेत. पुण्यात राहून ट्रेलची तयारी कशी करायची?

चाकोरी

पाय तुमचे आहेतच, सिंहगडाचा अजून सराव करून काही मिळणार नाही. कमी आहे ते दोन गोष्टींत: सलग दिवस आणि सायकलवर ताबा.

सलग दिवसांसाठी शनिवार-रविवार जोडून जा. पहिले तीन आठवडे दोन्ही दिवस तीन-तीन तास. मग चार-चार. आठव्या आठवड्यात शुक्रवारची रजा टाका आणि तीन दिवस सलग, रोज पाच तास, त्यातले निम्मे कच्च्या रस्त्यावर. अंतर मोजायचं नाही, सीटवरचे तास मोजायचे. शेवटच्या दहा दिवसांत निम्म्यावर या. तिथे थकून पोचण्यात अर्थ नाही.

ताब्यासाठी कुणाची तरी माउंटन बाइक आठवड्यातून दोनदा मागून घ्या. मोकळ्या मैदानात चपला ठेवून आठचे आकडे काढा, रोज थोडे लहान करत. दोन मीटरच्या आत वळायला जमेपर्यंत. नंतर हलक्या मातीच्या उतारावर दोन्ही ब्रेकवर एकेक बोट ठेवून थांबण्याचा सराव: आधी नुसता मागचा, चाक घसरतं ते अनुभवा. मग दोन्ही, वजन मागे आणि खाली. वळणाच्या आत ब्रेक दाबायचा नाही, आधी वेग उतरवायचा, आतल्या बाजूचं पेडल वर, नजर वळण जिथून बाहेर पडतं तिथे. प्युमिसवर मागचं चाक लॉक करून घसरवलं तर तुम्ही कदाचित वाचाल, पण ट्रेलला चर पडतो आणि पुढच्या पावसात तिथून पाणी वाहतं. गाइड यावरून खरंच ओरडतात.

जुन्या कात्रज घाटाच्या डांबरावर चढउतार करून हे येणार नाही. शहराबाहेरचे बैलगाडीचे रस्ते, कालव्याच्या कडेच्या वाटा, टेकडीच्या पायथ्याची माती शोधा. पाऊस झाला असेल तर मुद्दाम जा, काळ्या मातीत टायर भरलं की पापाची थोडी कल्पना येईल.

आणि विमानात बसायच्या आदल्या दिवशी ते बूट घासायला विसरू नका.